‘शिल्लक’ म्हणजे मालाची की पैशाची? एआय एजंटसाठी टूलची वर्णनं लिहिताना

कवठेमहांकाळहून सकाळच्या एसटीनं एक शेतकरी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात आले. आदल्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं त्यांना फोनवर सांगितलं होतं, “तुमचे ४६,२०० रुपये शिल्लक आहेत.” ते पैसे न्यायला आले होते. खतावणी उघडली तर ४६,२०० त्यांच्या नावे निघाले. बेदाणा ठेवताना घेतलेली उचल अजून फिटायची होती, म्हणजे येणं दुकानाचंच होतं. आणि मुळात त्यांनी फोनवर पैशांचं विचारलंच नव्हतं. शीतगृहात माझे किती बॉक्स शिल्लक आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. त्यांचा तो दिवस माझ्यामुळे वाया गेला, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

काउंटरवरच्या मुलाची चूक नव्हती. त्यानं शेतकऱ्याचा प्रश्न मी बनवलेल्या एआय एजंटला, म्हणजे दुकानाच्या नोंदी बघून उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमला, जसाच्या तसा टाइप केला आणि आलेलं उत्तर वाचून दाखवलं. एजंटलाही दोष देता येत नाही. त्याला मी दिलेल्या टूलचं, म्हणजे नोंदी काढून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, नाव होतं ‘गेट_बॅलन्स’ आणि वर्णन होतं एका ओळीचं, इंग्रजीत: पार्टीचं बॅलन्स देतं. शिल्लक विचारली, त्यानं बॅलन्स काढलं. आकडा उणे आला होता. उणे म्हणजे काय हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते चिन्ह उत्तरात गळून गेलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एजंटच्या मागे भाषेचं मॉडेल असतं, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारी एआय प्रणाली. ते तुमच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे साठवलेल्या नोंदींमध्ये, स्वतः शिरत नाही. प्रश्नाबरोबर त्याला टूलची यादी जाते. त्यात प्रत्येक टूलचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या आकारात द्यायची याचा आराखडा असतो. हा आराखडा सहसा जेसन स्कीमात, म्हणजे माहितीची रचना सांगायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, लिहितात. प्रश्न वाचून मॉडेल म्हणतं, अमुक टूल चालवा, ही माहिती द्या. ते चालवतो आपला प्रोग्रॅम. निकाल मॉडेलकडे परत जातो आणि मग ते उत्तर तयार करतं. २०२३पासून मोठ्या कंपन्यांच्या एपीआयमध्ये, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून त्यांचं मॉडेल वापरायच्या जोडणीत, ही सोय आली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली. पण त्यातही मॉडेलपुढे जातं ते हेच: नाव, वर्णन, आराखडा. आतला कोड त्याला दिसत नाही. मी आठवडाभर बसून नीट केलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारा कोड, त्याच्या लेखी नसल्यातच जमा होती. त्याला दिसत होती ती घाईत लिहिलेली एक ओळ.

नवा कारकून निदान शेजारच्या टेबलावर विचारतो, जुनी वही उघडतो, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखतो की आपलं काहीतरी चुकतंय. एजंटला यातलं काहीच मिळत नाही.

त्या संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, “बंद ठेव ते सध्या.” मला काही बोलायला तोंड नव्हतं. दिवाणजी मात्र जागचे उठले नाहीत. दुकानाची खतावणी गेली तीस वर्षं त्यांच्या हातात आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चष्मा पुसत म्हणाले, “त्याला तू काय सांगून ठेवलंयस ते वाचून दाखव बघू.”

मी इंग्रजी वाक्यांचं मराठी करत एकेक टूल वाचत गेले. तिसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

“शिल्लक म्हणजे? मालाची का पैशाची? पैशाची तर जमा का नावे? मला कुणी एवढंच सांगून बसवलं असतं, तर मीपण तेच सांगितलं असतं की.”

मी लगेच वर्णन बदलायला घेतलं, तेही इंग्रजीतच. काकांनी विचारलं, “आता बरोबर लिहिलंस का, हे बघणार कोण?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडतीचा धंदा ज्यांना कळतो त्यांना ते वर्णन वाचता येत नव्हतं, आणि मला वाचता येत होतं पण धंदा कळत नव्हता. त्या दिवशी ठरवलं की वर्णनं मराठीत लिहायची आणि काकांनी वाचल्याशिवाय एकही ओळ चालू करायची नाही.

याला खर्च आहे. तोच मजकूर देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते, खातो, आणि टूलची वर्णनं प्रत्येक प्रश्नाबरोबर पुन्हा पाठवावी लागतात. पुण्यात बरोबर काम केलेल्या एका मैत्रिणीनं फोनवर हेच सांगितलं, की इंग्रजीत ठेव, मॉडेलला तेच जास्त सरावाचं. तिचं म्हणणं खोटं नाही. पण माझ्या अनुभवात मॉडेल मराठी वर्णनं न समजल्यामुळे चुकलं असं क्वचितच झालं. ते चुकायचं वर्णनात लिहिलेलंच चुकीचं किंवा अर्धवट असल्यामुळे, आणि ती चूक पकडणारा माणूस या खोलीत एकच होता. टूलची नावं तेवढी रोमन लिपीत ठेवावी लागली, कारण आमचा एपीआय नावात रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच घेतो. इथे वाचायला सोपं म्हणून ती देवनागरीत देते आहे.

मग आमचं रोजचं बसणं सुरू झालं. सौदे संपले, हमाल जेवायला गेले, यार्ड शांत झालं की मी मोठा समास सोडून छापलेले कागद काकांपुढे ठेवायची. ते लाल पेनानं खुणा करायचे.

‘गेट_बॅलन्स’ मोडून आम्ही दोन टूल केली. पहिल्याचं वर्णन पाच-सहा फेऱ्यांनंतर असं ठरलं:

‘माल_शिल्लक: शेतकऱ्याचा जो माल अजून विकलेला नाही आणि आपल्या ताब्यात आहे, तो किती आहे ते सांगतं. यात पैशांचा हिशेब नाही, त्यासाठी खाते_शिल्लक वापरा. बेदाणा बॉक्समध्ये मिळतो, एक बॉक्स १५ किलोचा. हळद किलोमध्ये मिळते. पोत्यांची संख्या वेगळी दिली आहे, तिच्यावरून वजन काढू नका, कारण पोत्याचं वजन ठरलेलं नसतं. सौदा झालेला पण व्यापाऱ्यानं अजून न नेलेला माल यात धरलेला नाही. शेतकऱ्यानं नुसतं “माझी शिल्लक किती” असं विचारलं आणि बोलण्यावरून माल की पैसे ते कळत नसेल, तर आधी विचारा.’

प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं लिहावीत, असं अँथ्रॉपिकच्या कागदपत्रांतही सांगितलेलं आहे. मी ते आधीच वाचलं होतं, पण तीन-चार वाक्यांत लिहायचं काय हे मला कळलं नव्हतं. मी असते तर टूल काय करतं हेच चार प्रकारे सांगितलं असतं. काकांच्या लाल खुणा मात्र सगळ्या दुसरीकडेच पडायच्या. यात काय येत नाही, ते कुठे मिळेल, आकडा कशात मोजलाय, कुठल्या वेळी गप्प बसून विचारायचं. वर दिलेल्या वर्णनात टूल काय करतं हे पहिल्याच वाक्यात संपतं. बाकी सगळं काकांचं आहे.

दुसऱ्या टूलमध्ये, खाते_शिल्लकमध्ये, उणे चिन्ह मी काढूनच टाकलं. आता रक्कम कायम अधिक येते आणि तिच्या शेजारी ‘बाजू’ नावाचा रकाना येतो. त्यात ‘जमा’ किंवा ‘नावे’ यांपैकी एकच शब्द असतो. वर्णनात लिहिलं: ‘नावे म्हणजे ही रक्कम शेतकऱ्याकडून दुकानाला येणं आहे. ती त्याला मिळणार आहे असं कधीही सांगू नका.’ बरंच काम वर्णनाआधी निकालाच्या आकारातच करता येतं, हे तिथे कळलं. जे चिन्ह वाचताना गळू शकतं त्याच्या जागी शब्द ठेवला की गळत नाही.

‘उचल’नं आम्हाला दोन दिवस अडवलं. आमच्याकडे उचल म्हणजे शेतकऱ्यानं मालावर आगाऊ घेतलेले पैसे. उचल म्हणजे व्यापाऱ्यानं सौद्यातला माल गाडीत भरून नेणं हेसुद्धा. शिवाय हा सांगली जिल्हा, इथे ऊस लावणाऱ्याला उचल म्हटलं की कारखान्याची पहिली उचल आठवते. एकाच दिवशी तिन्ही अर्थानं फोन येतात. “उचल झाली का?” असं शेतकऱ्यानं विचारलं तर तो मालाचं विचारतोय, आणि “उचल मिळंल का?” म्हटलं तर पैशांचं. काकांना हे ऐकताक्षणी कळतं. का कळतं, ते सांगा म्हटल्यावर मात्र ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, “झाली म्हणजे मालाची. घेतली, मिळाली, फिटली म्हणजे पैशाची. क्रियापद बघ.” ते वाक्य मी तसंच वर्णनात घातलं, उदाहरणांसकट. टूलची नावंही ‘आगाऊ_रक्कम’ आणि ‘माल_रवानगी’ अशी केली. उचल हा शब्द एकाही नावात ठेवला नाही.

भावाच्या टूलवर सगळ्यात जास्त कागद गेले. हळदीचा भाव क्विंटलला, बेदाण्याचा किलोला. माझ्या पहिल्या टूलमध्ये दोन्हींसाठी रकाना एकच होता, ‘रेट’. आता ‘भाव_प्रति_क्विंटल’ आणि ‘भाव_प्रति_किलो’ असे दोन रकाने आहेत. एकक वर्णनात कितीही ठळक लिहिलं तरी ते आकड्याच्या नावातच असलेलं बरं, कारण उत्तर बनवताना मॉडेलपुढे आकडा आणि त्याचं नाव शेजारी-शेजारी असतात. मालाचा प्रकार मी आधी मोकळा ठेवला होता, मॉडेल मनानं काहीही लिहून पाठवायचं. आता यादी बांधली आहे. हळदीला राजापुरी किंवा परपेठ. बेदाण्याला हिरवा, पिवळा, काळा. परपेठ म्हणजे बाहेरच्या पेठांतून सांगलीत आलेली हळद, हे एका वाक्यात सांगावं लागलं. ते नव्हतं तेव्हा एजंट परपेठ हे हळदीच्या जातीचं नाव समजत होता.

ज्या दिवशी सौदे नसत त्या दिवशी टूल शून्य परत करायचं. चाचणीत एजंटनं एकदा लिहिलं, ‘आज हळदीला ० रुपये भाव आहे.’ हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. हा मजकूर कुणा शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला असता तर? मग ‘सौदा_झाला’ असा हो-नाहीचा रकाना केला. सौदा नसेल तर भावाची जागा रिकामी येते आणि शेवटच्या सौद्याची तारीख येते. वर्णनात लिहिलं की जुना भाव सांगायचा तर तारखेसकटच सांगा.

काकांचा खरा आग्रह त्यापुढचा होता. बाजाराच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. एजंट बहुतेक वेळा कमाल सांगायचा. विचारणाऱ्याला तोच आवडेल असं त्याला वाटत असावं, की माझ्या आराखड्यात तो रकाना पहिला होता म्हणून, ते मला ठरवता आलं नाही. काका चिडले. “कमाल भाव एखाद्या लॉटला मिळालेला असतो. तो ऐकून माणूस गाडी भरून येतो आणि इथं त्याचा माल सर्वसाधारणला जातो. मग तो आपल्याला चोर म्हणतो, आणि त्याचं काय चुकलं?” मुहूर्ताच्या सौद्याचं तर विचारायलाच नको. हंगामाचा पहिला सौदा, हार-नारळ, फोटो, आणि दोन-चार पोत्यांना लागलेला चढा भाव. तो तक्त्यात इतर भावांसारखाच दिसतो. आता वर्णनात आहे: ‘भाव सांगताना सर्वसाधारण आधी सांगा, मग किमान आणि कमाल. मुहूर्त असा शेरा असलेला भाव चालू भाव म्हणून सांगू नका. माल आता विकावा की थांबावं असा सल्ला या आकड्यांवरून देऊ नका.’ हे शेवटचं वाक्य आलं ते ‘बेदाणा सोडू का आता?’ या प्रश्नामुळे. सोडणं म्हणजे सौद्याला लावणं, हे एजंटला कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच तो हौसेनं सल्ला द्यायला लागला होता.

‘यंदा’ हा शब्दही तपासावा लागला. हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, वहीपूजन दिवाळीत होतं, आणि शेतकऱ्याचं यंदा म्हणजे त्याच्या पिकाचा हंगाम. आम्ही टूलमध्ये वर्ष मागणंच बंद केलं. सुरुवातीची आणि शेवटची तारीख मागतो, आणि हंगाम कुठून कुठपर्यंत धरायचा ते पिकाप्रमाणे वर्णनात दिलं आहे.

एका संध्याकाळी जागेच्या कोडांवर आलो. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माल कुठे ठेवला आहे त्याचे दोन-दोन रोमन अक्षरांचे कोड आहेत. त्यातला एक पीव्ही. चाचणीत एजंटनं त्याचा अर्थ ‘खासगी गोदाम’ असा स्वतःच लावला आणि इतक्या ठामपणे लिहिला की मलाही खरं वाटलं. काकांना दाखवल्यावर ते थबकले. “पेव आहे ते.” मी हरिपूरच्या पेवांबद्दल ऐकून होते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद भरून ठेवायचे आणि तोंड बंद करायचे. वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. त्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये अजून पडून होत्या, आणि एजंट त्यातली हळद एका न पाहिलेल्या गोदामात आहे असं सांगत होता. काका त्या दिवशी पेवात उतरण्याविषयी खूप बोलले. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. काम पुढे सरकलं नाही, पण ती संध्याकाळ मला हवीच होती. दुसऱ्या दिवशी मी कोड मॉडेलपुढे पाठवणंच बंद केलं. आता टूल पूर्ण शब्दांत जागा सांगतं, आणि बंद झालेल्या जागांच्या नोंदी चालू साठ्यात येत नाहीत.

आतापर्यंतची टूल नुसती बघणारी होती. लिहिणाऱ्या टूलची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी वर्णनावर जरुरीपेक्षा जास्त विसंबले होते. ‘पट्टी_करा’ हे टूल सौद्यानंतर शेतकऱ्याची पट्टी बनवतं, म्हणजे विक्रीची रक्कम, हमाली, तोलाई वगैरे वजा करून हातात किती येणार त्याचा कागद. चाचणीत प्रश्न होता, “माझी पट्टी किती होईल?” एजंटनं पट्टी करूनच टाकली, क्रमांकासकट. वर्णनात ‘पट्टी तयार करतं’ एवढंच होतं, आणि अंदाज सांगणारं दुसरं टूल नव्हतंच. मग त्यानं दुसरं काय करावं? आता ‘पट्टी_अंदाज’ वेगळं आहे. ते काहीही नोंदवत नाही आणि तसं वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात सांगतं. ‘पट्टी_नोंदवा’ दुकानातल्या माणसानं पडद्यावर होकार दिल्याशिवाय चालतच नाही.

त्याच आठवड्यात एका आगाऊ रकमेची दोनदा नोंद झाली. नेट हळू होतं, पहिल्या नोंदीचं उत्तर वेळेत आलं नाही, एजंटला वाटलं जमलं नाही, त्यानं पुन्हा केली. नशिबानं तीही चाचणीची प्रत होती. आता प्रत्येक नोंदीबरोबर एक खूणक्रमांक जातो. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न होता जुनीच परत मिळते. एमसीपीमध्ये टूल नुसतं वाचणारं आहे का, काही पुसणारं आहे का, पुन्हा चालवलं तर चालतं का, हे सांगायच्या खुणा आहेत. त्या आम्ही भरल्या. पण त्या सूचनाच आहेत, आणि टूल पुरवणाऱ्या ज्या सर्व्हरवर भरवसा नाही त्याच्या खुणांवर विसंबू नका असं त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटलेलं आहे. कुलूप कोडमध्येच हवं. पैशाच्या बाबतीत ‘असं करू नका’ हे वाक्य लिहून मी घरी जाऊन झोपू शकत नाही.

चूक झाल्यावर टूल देतं ते संदेशही वर्णनच असतात, हे मला उशिरा उमगलं. खाते क्रमांक चुकला की टूल नुसतं ‘अवैध इनपुट’ म्हणायचं. एजंट मग दुसरा क्रमांक मनानं बनवून बघायचा, मग तिसरा. आता संदेश असा आहे: ‘हा खाते क्रमांक आपल्याकडे नाही. क्रमांक अंदाजानं बनवू नका. नाव आणि गाव घेऊन शेतकरी_शोधा वापरा. एकापेक्षा जास्त नावं आली तर वडिलांचं नाव विचारा.’ तासगाव तालुक्यातल्या एका गावात आमची एकाच नाव-आडनावाची तीन खाती आहेत. एजंट पूर्वी त्यातलं पहिलं उचलायचा.

एकूण टूल किती असावीत यावर मी दोन्हीकडच्या चुका केल्या. सुरुवातीला एकोणीस होती. त्यात तीन टूल शेतकऱ्याची माहिती देणारी, जवळजवळ सारख्या वर्णनांची. एजंट दर वेळी वेगळं उचलायचा. मग मी उत्साहानं सगळी वाचणारी टूल एकत्र करून ‘माहिती_द्या’ असं एकच केलं, आत अकरा प्रकार. त्याचं वर्णन दीड पान झालं आणि कुठल्या प्रकाराला कुठली माहिती लागते हा गोंधळ तसाच राहिला. शेवटी नऊ टूलवर थांबलो. काकांची फूटपट्टी साधी होती: काउंटरवर लोक जेवढी वेगवेगळी कामं घेऊन येतात तेवढी टूल. डेटाबेसमध्ये तक्ते किती आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

जास्त लिहूनही बिघडतं. शिल्लकेच्या प्रकरणानंतर मी घाबरून प्रत्येक वर्णनात ‘विचारल्याशिवाय कधीही नाही’ अशा ओळी भरल्या. परिणाम असा की “माझे किती बॉक्स शिल्लक आहेत?” इतक्या स्पष्ट प्रश्नालाही एजंट विचारायचा, “आपल्याला मालाची शिल्लक हवी आहे की पैशांची?” काउंटरवरची मुलं वैतागली. तेव्हा ‘बोलण्यावरून कळत नसेल, तर’ हे शब्द आले. चार शब्दांसाठी तीन दिवस गेले, आणि मला ते जास्त वाटत नाहीत.

हे सगळं जमलं ते एका वहीमुळे. काउंटरवर आलेले खरे प्रश्न मी त्याच शब्दांत उतरवून घेत होते, चुकीच्या व्याकरणासकट, अर्धवट वाक्यांसकट. समोर काकांनी सांगितलेलं: इथे कोणतं टूल चालायला हवं, कोणत्या माहितीनिशी, की कुठलंच नको आणि उलट विचारायला हवं. साठ प्रश्न झाले. वर्णनातला एक शब्द जरी बदलला तरी साठही पुन्हा चालवायचे. आधी हे मला अति वाटायचं. पण एका टूलचं वर्णन सुधारलं की शेजारच्या टूलकडे जाणारे प्रश्न त्याच्याकडे वळतात, हे डोळ्यांनी बघितल्यावर तक्रार संपली. ‘आगाऊ_रक्कम’ छान लिहून झालं त्या दिवशी ‘माल_रवानगी’चे चार प्रश्न चुकले होते.

एप्रिलमध्ये अण्णांनी पुन्हा चालू करायला परवानगी दिली, आधी फक्त दुकानातल्या माणसांसाठी. बेदाण्याची आवक जोरात होती, फोन थांबत नव्हते. कवठेमहांकाळच्या त्या शेतकऱ्यांना मी स्वतः फोन केला, माफी मागितली आणि त्यांचे बॉक्स किती ते सांगितलं. ते म्हणाले, “असू दे ताई. पण त्या मशीनला शिकवलंत ना आता?” मी हो म्हटलं. आणि काकांनी शिकवलंय, हेही सांगितलं.

एक कागद मात्र अजून कोराच आहे. त्यावर वर ‘तूट’ एवढंच लिहिलेलं आहे. बेदाण्याच्या वजनात धरली जाणारी तूट किती, कशावर आणि का, हा शेतकरी आणि व्यापारी यांच्यातला जुना वाद आहे. सौद्याच्या वेळी होणारी बेदाण्याची उधळणही त्यात येते. आम्ही एक अख्खी दुपार त्यावर बसलो. काकांनी तीनदा लिहायला सांगितलं आणि तीनदा खोडायला लावलं. पहिलं वाक्य व्यापाऱ्याच्या बाजूचं झालं, दुसरं शेतकऱ्याच्या, तिसऱ्याचा अर्थच लागेना. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं. “हे माणसामाणसांचंच अजून ठरलेलं नाही. त्याला काय सांगणार आपण?”

तूटीचं टूल आम्ही बनवलेलं नाही. एजंटच्या सूचनांमध्ये त्यासाठी एकच ओळ आहे: तूटीबद्दल विचारलं तर आकडा सांगू नका, फोन दिवाणजींकडे द्या. आठवड्यातून सात-आठ फोन तसे जातात. काका प्रत्येकाशी पाच-दहा मिनिटं बोलतात आणि ठेवल्यावर माझ्या वहीत तो प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतात.